टपावर

“एक अख्खा माणूस झोपंल ह्याच्यावर, मॅडम. खड्ड्यातनं न्या, घाटातनं न्या, हलायचा न्हाय,” असं म्हणून युवराजनं लोखंडी कॅरिअरवर तळहाताची थाप मारली, आणि भिगवण रस्त्यावरच्या त्या दुकानात, नव्या सीट कव्हरांच्या रेक्झिनच्या वासात, उभ्या उभ्या माधवीच्या पायाखालचं काहीतरी सरकलं. थाप साधीच होती. बैल विकणारा बैलाच्या पाठीवर मारतो तशी, मालाच्या भरवशाची. पण तिचा नाद लोखंडात उतरला तो बाहेर येईना. युवराज पुढं बोलतच होता, त्याचे ओठ हलत होते, दुकानाच्या दारात टांगलेले रंगीत गोंडे पंख्यावर फिरत होते, आणि तिला वाटत होतं, आपण आता ह्या कॅरिअरखाली बसलोय. वर कुणीतरी झोपलंय. हललं तर आपल्याला कळेल.

माप तिनंच तसं सांगितलं होतं. “लांबी किती हाय?” असं त्यानं विचारलं तेव्हा लेकीनं फोनवर पाठवलेला फुटांचा आकडा तिच्या तोंडाशी आला होता, पण तो गिळून ती म्हणून गेली, “दीड माणूस.” विहीर परसानं मोजणाऱ्या मुलखातली ती. दोन परस पाणी, चार परस पाणी. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. असा माणूस पाण्यात उभा करून पाहिल्याशिवाय ज्यांना खोली कळत नाही, त्या लोकांतली. तिनं माणसानं मोजलं, युवराजनं माणसानं उत्तर दिलं. त्यात त्याची काय चूक? तो तर बिचारा मघापासून हसत होता. “होडी? बारामतीत? अवो, कऱ्हेला पाणी कवा बघितलंय का तुमी? का कालव्यात सोडताय?” त्यावर तीही हसली होती. म्हणाली होती, “कयाक म्हणतात तिला. एकट्याची असते. उजनीच्या पाण्यात न्यायचीय, इंदापूरच्या पुढं. मुलीची आहे.”

“मुलगी चालवती?”

“हो.”

“एकटी?”

ह्या ‘एकटी’वर ती दारातल्या गोंड्यांकडं बघू लागली. युवराज शहाणा. त्यानं विषय टपाकडं वळवला. तिच्या छोट्या गाडीच्या टपाला धरायला काहीच नव्हतं, गुळगुळीत, वाडग्याच्या बुडासारखा टप. त्यानं तीन प्रकार पुढं केले. एक हे लोखंडी कॅरिअर, जीपवर असतं तसलं, कठड्याचं. दुसरे दोन आडवे दांडे, ॲल्युमिनियमचे, दाराच्या चौकटीत पकड बसवून किल्लीनं आवळायचे, आणि त्यांच्यावर उलट्या छत्रीच्या मुठीसारखे दोन वाकडे हात, त्यांच्यात होडी कुशीवर ठेवायची. तिसरे नुसते फोमचे दोन लोड. टपावर ठेवायचे, वर होडी, आणि पट्टे दारांतून आत घेऊन गाडीच्या आतच आवळायचे. “हे सगळ्यात सुटसुटीत,” युवराजनं पट्टा उघडलेल्या एका दारातून आत टाकला, दुसऱ्या दारातून बाहेर काढला, आणि तो बसणाऱ्याच्या डोक्यावरून ताणलेला, काळा, आडवा पट्टा पाहताच माधवीच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. बोटं तळव्यात रुतली. पट्टा तर तिच्या हातात नव्हता.

“घरी विचारून सांगते,” ती म्हणाली आणि निघाली.

घरी विचारायचं काही नव्हतं. राजनंदिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं. ही तिची एकुलती एक लेक, पक्ष्यांचा अभ्यास करणारी, वर्षातला निम्मा वेळ पाण्याच्या काठावर. “आई, गाडी तुझी आहे, तूच बघ. मला फोमचे लोड चालतील. घडी करून डिकीत टाकता येतात.” नदीसुरय म्हणून एक पक्षी असतो, पिवळ्या चोचीचा, काळी टोपी घातल्यासारखा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं हटलं की चिखलाची बेटं उघडी पडतात, तो त्यांवर मातीतच चार खडे सारून अंडी घालतो. ना काडी, ना कापूस. कोळ्यांच्या इंजिनाच्या होडीनं गेलं की आवाजानं सगळा थवा उठतो आणि उघडी अंडी उन्हात शिजतात. म्हणून घरटी मोजायला बिनआवाजाची होडी. लेकीनं हे सगळं जेवताना समजावलं होतं, भाताच्या मुदीत बोटानं खळगा करून घरटं दाखवलं होतं, आणि मग म्हणाली होती, “सगळ्यात जास्त घरटी कुठं आहेत माहितीये? जुन्या गावठाणाच्या बेटावर. आजीच्या गावात. पडक्या जोत्यांवर घालतात गं अंडी. तू दाखवशील तुमचं घर कुठं होतं?” माधवी ताक घुसळत होती. ती म्हणाली, “मी लहान होते. मला काय आठवतंय.”

कयाक येऊन दारातल्या पोर्चमध्ये पडली होती. पुण्याहून टेम्पोतून आली होती, पिवळी जर्द, लांब, मध्ये माणूस बसायची खोबण. पहाटे माधवी दूधडेअरीच्या प्रयोगशाळेत कामाला निघायची तेव्हा अंधारात तिला ओलांडून जावं लागे. ओलांडायची नाही ती. भिंतीला खेटून वळसा घालायची. झोपलेल्याला ओलांडू नये. इंद्रजित, तिचा नवरा, कारखान्यातली पाळी संपवून आला की चपला काढता काढता होडीवर एक टपली मारायचा. “ही घेऊन लासुर्ण्यातनं गेलात ना, तर लोक विचारतील, कालवा फुटला का काय!” आणि स्वतःच हसायचा. त्याला पाण्याचं काही नव्हतं. त्याच्या गावात पाणी पाळीनं येई, पाटानं, गुडघ्याएवढं.

डेअरीत दिवसभर तिच्यासमोर काचेच्या उभ्या नळकांड्यात दूध असे आणि त्यात ती लॅक्टोमीटर सोडी. काचेची बारीक नळी, बुडाला शिसं. सोडली की आधी खोल जाते, मग वर येते, डुलते, थांबते. जिथं थांबते तिथं दुधाची पारख. इतकी वर्षं तिनं ही नळी सोडली होती आणि प्रत्येक वेळी, कुणाला सांगायची सोय नाही असं, ती खाली गेली की माधवीचा श्वास थांबे आणि वर आली की सुटे. त्या दिवशी नळी सोडताना ती एक वाक्य घोकत होती. आपल्या गाडीला बसत नाही. एवढंच. दुकानदार म्हणाला, टप नाजूक आहे. खोटं म्हणजे किती, चार शब्दांचं. लेक चिडेल, दोन दिवस गाल फुगवेल. मग? मग कुणाचा तरी पिकअप ठरवेल, अनोळखी पोरांबरोबर जाईल, आणि ती पोरं दोरीनं कशीतरी बांधतील. सुतळीनं. माधवीला सुतळी तुटताना दिसली. पिवळी होडी रस्त्यावर, मागून ट्रक. तिनं नळी पुन्हा सोडली. खाली गेली. ती खाली असताना तिला दुसरंच दिसलं, की होडी नीट पोचली आहे, सुखरूप पोचली आहे, पाण्यात उतरली आहे. नीट पोचवणं म्हणजेच ते. जेवढं घट्ट कॅरिअर घ्यावं तेवढी लेक पाण्याच्या जवळ. भरवशाचं काही घेऊच नये, आणि बिनभरवशाचं तर घेववत नाही. नळी वर आली, डुलली. आकडा बघायचा राहूनच गेला.

मानसिंग तिचा थोरला भाऊ. धरण भरलं, गाव पाण्यात गेलं, तेव्हा बनाबाईनं, त्यांच्या आईनं, घराची दारं काढून नेली, तुळया नेल्या, चुलीचे दगडसुद्धा नव्या गावठाणावर नेले. राहिलं ते जातं. शेवटच्या खेपेला बैलगाडी भरली होती. “उद्या नेऊ” म्हणाले, आणि उद्या सकाळी अंगणात पाणी होतं. पुढं दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंतींची टोकं वर यायची, बोडक्या डोक्यांसारखी, आणि बनाबाई काठावर उभी राहून हात कपाळाला लावून बघायची. तिच्या हाताला नवं जातं लागलं नाही. गिरणीचं पीठ आलं तरी पहाटे उठून ती रिकाम्या जमिनीशी बसायची आणि गायची:

पाण्यात गेलं गाव, गेलं जोतं, गेलं दार
तळाला अजून बाई, जात्याची घरघर

ह्या घरघरीनंच मानसिंगला उठवलं. मिसरूड फुटलेलं लांबलचक पोरगं. आईला सांगितलं नाही. आणून दारात ठेवतो, मग बघ म्हणाला माधवीला. गुऱ्हाळाची काईल घेतली. ह्या पाण्यावर तेव्हा सगळेच काईल वापरायचे, गूळ आटवायची ती लोखंडाची रुंद कढई. पलीकडं उघड्या पडलेल्या रानात पेरायला माणसं तिच्यात बसून जायची, फळीनं पाणी मारत, गप्पा मारत, बिडी ओढत. काईल माणसाला तारते. जाताना त्यालाही तारलं. येताना तिच्यात जात्याचे दोन दगड होते. जातं चिखलावर सरकतं तसं कढईतही सरकतं; मानसिंग एका अंगाला झाला, दगड दुसऱ्या अंगाला गेले, आणि काठ पाण्याखाली गेला. पोहता त्याला येत होतं. पण खाली बुडालेल्या बाभळी होत्या, काटे न झडलेल्या.

सापडला तो दुसऱ्याच काठाला. तात्या, तिचे चुलते, जीप घेऊन निघाले तेव्हा माधवी मागं चढली. तिला कुणी चढ म्हटलं नव्हतं. उतर म्हणायला कुणी भानावर नव्हतं. मानसिंग जीपमध्ये मावेना. आत वाकेना तो. मग त्याला टपावर घ्यायचं ठरलं, कॅरिअरवर, आणि तिथं काठावर, उन्हात, मोठी माणसं भांडली. पाय पुढं करायचे की डोकं? एक जण म्हणाला, मेलेल्याचे पाय पुढं, असंच न्यायचं असतं. तात्या तांबडेलाल झाले. “घरी निघालंय पोरगं! मसणात न्हाय अजून. घरी जाणाऱ्याचं डोकं म्होरं!” डोकं पुढं केलं. कासरा टपावरून टाकून दोन्ही खिडक्यांतून आत घेतला, आत बसलेल्यांच्या डोक्यावरून, आणि त्याचं टोक तात्यांनी माधवीच्या हातात दिलं. “माधे, हे धर. ढिलं पडू द्यू नगंस.” तिनं धरलं. रस्ता कसला, गाडीवाट. प्रत्येक खड्ड्याला वरून एक हिसका यायचा, दोरीतून, तिच्या मुठीत. जडशीळ, सावकाश हिसका, कूस बदलल्यासारखा. आणि पुढच्या काचेवर वरून पाणी उतरायला लागलं. थेंब, मग ओघळ. त्याच्या कपड्यांतलं, केसांतलं. कोरडं ठाक ऊन होतं बाहेर. जीप चालवणाऱ्याला दिसेना, तर त्यानं सवयीनं वायपर लावला. वायपर फिरत होता, पाणी पुसत होता, पुन्हा येत होतं, पुन्हा पुसत होता.

हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. ‘माझा भाऊ पाण्यात गेला’ इतकं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. टपाचं नाही. बनाबाईनं तिचं लग्न ठरवताना एकच अट घातली होती, कोरडवाहू चालेल पण नदीकाठ नको, आणि लेक बारामतीत पडली तेव्हा मांडवातच गायली होती:

लेक मी दिली बाई, दिली पाण्यापासून दूर
पापणीच्या बांधाला गं, तरी भीमेचा पूर

बायकांनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, लेक सासरी जाते म्हणून म्हणतीय.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात गेली. युवराज एका जीपवाल्याशी हॉर्नवरून हुज्जत घालत होता. “आरं, हा हॉर्न वाजवला तर म्हस दूध आटवंल!” तिला पाहून म्हणाला, “या मॅडम. काय म्हणतंय घर? लोडच द्यू ना?”

“लोड नको.”

“का वो? पोरीलाच वापरायचंय ना?”

“आतून दोरी जायला नको,” ती म्हणाली. आवाज इतका चढला की जीपवाल्यानं वळून पाहिलं. ती खालच्या आवाजात म्हणाली, “आत बसणाऱ्याच्या डोक्यावर काही नको.”

“बरं. मग हे लोखंडी?”

“ते नकोच.”

राहिले दांडे. तिनं त्यांना हात लावून पाहिला. गार, पोकळ, हलके. ओळखीचे नव्हते, एवढीच त्यांची पारख तिला करता आली. तिनं त्याला प्रश्न विचारले. पकड सुटली तर? किल्ली हरवली तर? वाऱ्यानं होडी उचलली गेली तर? त्यानं एकेकाचं उत्तर दिलं आणि शेवटी पाना हातात धरून म्हणाला, “मॅडम, एक बोलू? तुमी होडी पडंल का म्हणून इचारताय, पर तुमच्या तोंडाकडं बघून वाटतं, पडली तर बरं.” मग स्वतःच जीभ चावली. “मस्करी केली हां.” तिनं मान हलवली. त्यानं दांडे बसवले, तिच्या हातात किल्ली दिली आणि टपाखालून वाकून पाहिलं. ह्या वेळी थाप मारली नाही.

रविवारी पहाटे मायलेकींनी होडी उचलली. माधवीला वाटलं होतं जड असेल, नव्हती. आणि हलकी आहे ह्याचंच भय वाटलं. दोघींनी ती कुशीवर त्या वाकड्या हातांत बसवली. पट्टे आवळायचं काम माधवीनं आपल्याकडं घेतलं. आवळत गेली. कमरेतून मागं रेलून, पाय चाकाला लावून, दातांत ओठ धरून आवळत राहिली, आणि राजनंदिनी मागच्या बाजूनं फिरून येऊन ओरडली, “आई! अगं काय करतेस! प्लास्टिक आहे ते!” पट्ट्याखाली पिवळ्या अंगाला खळगा पडला होता, वाटीएवढा. माधवीनं हात सोडले.

“फुटली?”

“फुटली नाही, दबलीय. उन्हात तापली की येईल वर. पण इतकं कोण आवळतं? बैल बांधायचाय का?”

“पाणी शिरेल?”

“नाही गं.”

“नाही कशावरून? इथून पाणी शिरलं तर?” तिनं खळग्यावर बोट फिरवलं. आपल्या हातांचं काम. इतके दिवस ती भीती आत होती, तिला आकार नव्हता. आता तो होडीच्या कुशीला उमटला होता आणि होडीबरोबर पाण्यावर जाणार होता.

गाडी लेक चालवत होती. भवानीनगर मागं पडलं, लासुर्णे आलं. उसाचा हंगाम संपला होता, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना खोडव्याची बारकी हिरवी पात. लासुर्ण्याच्या चौकात चहाच्या टपरीवरचा एक म्हातारा उठून उभा राहिला आणि टपाकडं बघत राहिला. माधवी समोरच्या काचेकडं बघत होती. काच कोरडी होती. कोरडीच होती. ती अधूनमधून हात पुढं करून आतून काचेला बोट लावून बघत होती, आणि लेकीला वाटलं धूळ पुसतेय. शेळगाव जवळ आलं तसं एक गतिरोधक आला, न रंगवलेला, अचानक. गाडी उडाली, आणि टपावरून एक जड धपका आला, कूस वळल्यासारखा. माधवीच्या तोंडून आवाज निघाला. तो तिला स्वतःलाच ओळखू आला नाही, अकरा वर्षांच्या पोरीचा होता.

राजनंदिनीनं गाडी कडेला घेतली. “काय झालं? दुखतंय का कुठं? आई?”

“तुझ्या मामाला असंच आणलं होतं,” माधवी म्हणाली. “टपावर.”

आणि मग तिनं सांगितलं. थोडं, तुटक, मागचं पुढं. जातं, काईल, बाभळी. डोकं पुढं. दोरी. वायपरचं सांगताना तिनं नुसता हात इकडून तिकडं हलवून दाखवला. शेजारून एक दुधाची गाडी गेली, किटल्या वाजवत. राजनंदिनी दोन्ही हात चाकावर ठेवून ऐकत होती.

“मग तू दुकानात कशाला गेलीस?” ती म्हणाली. “मला सांगायचं नाही का? मी केलं असतं काहीतरी.”

“तू म्हणालीस, तूच बघ.”

“आई...” आणि मग लेकीनं सरळ विचारलं, आईकडं तोंड वळवून, “नको जाऊ का? नको म्हण, मी इथून गाडी फिरवते. खरंच फिरवते. चिडणार नाही.”

एवढा सोपा शब्द. तोंडात आलेलाच होता, जिभेखाली खडीसाखरेसारखा. नको. माधवीनं वर पाहिलं, गाडीच्या आतल्या छताकडं; तिथं काही नव्हतं, राखाडी कापड होतं. तिला वाटलं आपण नको म्हणू, आणि ही फिरवेल, आणि आज फिरवेल, उद्या फिरवेल, आणि मग एक दिवस आपल्याला न सांगता जाईल, आणून दारात ठेवते मग बघ म्हणत. मानसिंगसारखी. न सांगता.

“अंडी किती दिवस राहतात तशी?” तिनं विचारलं.

“पिल्लं निघेपर्यंत. पण वर घाटात पाऊस झाला की पाणी वाढतं. मग बेटंच जातात.”

“म्हणजे आज मोजली नाहीत तर...”

“कदाचित मोजायला उरणार नाहीत.”

“चल,” माधवी म्हणाली. “गतिरोधकावर हळू घे.”

निमगाव केतकी, मग इंदापूर, मग डावीकडं पाण्याच्या दिशेनं जाणारी अरुंद डांबरी वाट. शेवटी डांबर संपलं आणि पाणी सुरू झालं. माधवी ह्या काठाला इतक्या वर्षांत आली नव्हती. तिनं पाणी ओळखलं, पाण्यानं तिला ओळखल्याचं काही दाखवलं नाही. सकाळचं, निवांत, शेवाळी वासाचं, काठाशी चिखलाला भेगा. दूर पाण्याच्या मध्यावर एक तपकिरी पट्टा दिसत होता, त्यावर टोकं टोकं, आणि वर पांढरे ठिपके उडत, पडत होते. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आमचं ते तिसरं टोक. चिंचेच्या बुंध्याच्या डावीकडचं. लेकीनं विचारलं नाही.

होडी उतरवली. खळगा उन्हानं अर्धा भरून आला होता, पुरता नाही. राजनंदिनीनं जॅकेट चढवलं, एकेक पट्टा आईला दाखवून लावला, शिट्टी फुंकून दाखवली, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घातला. आणि मग म्हणाली, जणू गंमतच, “तू इथं थांबू नकोस हं. परत येताना वारा तोंडावर येतो, दमायला होतं. मी बेटावरून सरळ पलीकडच्या काठाला लागते. तू रस्त्यानं वळसा घालून ये. देवळापाशी एक उतार आहे, तिथं.”

“म्हणजे मी इथून बघायचं नाही?”

“बघत बसलीस तर मला कोण न्यायला येणार?” लेक हसली, मग हसणं आवरून तिनं आईचा हात धरला. “गाडी कशाला लागते, माहितीये? ह्याच्यासाठीच लागते. मी पोचायच्या आधी तू तिथं असायला हवीस.”

ती खोबणीत बसली, वल्ह्यानं काठाला रेटा दिला. आवाज झाला नाही. खरंच बिनआवाजाची होती. पिवळं अंग पाण्यावर एकदा डुललं, एका बाजूला झुकलं, आणि माधवीचा श्वास जो आत गेला तो तिथंच राहिला. मग ते सरळ झालं. वल्हं डावीकडं चमकलं, उजवीकडं चमकलं. लेकीची पाठ लहान होत गेली. किती परस असेल इथं? हात वर करून उभ्या माणसावर दुसरा, त्याच्यावर तिसरा. माधवी गाडीत बसली. आरशात पाण्याचा एक तुकडा होता, त्यात पिवळं काही नव्हतं. तिनं मान वळवून पाहिलं. होतं, बोटाच्या नखाएवढं. मग तिनं पाहायचं सोडलं, कारण पाहत बसलं तर पोचायला उशीर होणार होता.

चाकं डांबरावर आली, गाडीनं वेग घेतला, आणि टपावर कुणीतरी हुंकार भरला.

आधी बारीक. रिकाम्या शिशीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा. मग गाडी पळू लागली तसा तो चढला, लांबला, बाईच्या गळ्यातून निघावा तसा एकसुरी आक्रोश होऊन डोक्यावर धरून राहिला. माधवीनं ब्रेक दाबला. आवाज गेला. ती उतरली, गाडीभोवती फिरली, चवड्यांवर उभी राहून टप पाहिला. दोन दांडे, दोन वाकडे हात, वाऱ्यात लोंबणारा पट्ट्याचा एक तुकडा. तो तिनं काढून घेतला. बसली, निघाली, आणि तो पुन्हा आला. तेव्हा तिला कळलं. येताना होडी होती, वाऱ्याला वाट नव्हती. आता उघड्या दांड्यांवरून वारा वाहत होता. टपावर काही नाही म्हणून हा आवाज. ती पाण्यावर आहे म्हणून हा आवाज. आणि हे एका दिवसाचं नव्हतं. दर रविवारी, दर उन्हाळ्यात, होडी उतरली की हे सुरू होणार होतं, आणि ते तिनं स्वतः निवडून, आवळून, किल्ली लावून घेतलं होतं.

तिनं वेग कमी केला. सायकलीच्या वेगानं चालवलं की टप गप्प होता. आजूबाजूला केळीची बाग, एक बैल रवंथ करत बसलेला, कुणीतरी ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतं. गप्प टपाखाली ती थोडा वेळ तशीच गेली. बरं वाटलं. मग ह्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली. पाणी डावीकडं झाडांआड कुठंतरी होतं आणि त्याला ह्या शांततेचं काही नव्हतं, ते लेकीला घेऊन आपल्या चालीनं चाललं होतं. वळसा लांब होता. हळू गेलं तर आवाज नव्हता, आणि देवळापाशीच्या उतारावर लेकीला न्यायला कुणी नसणार होतं.

माधवीनं काच खाली केली. वारा आत आला. तिनं पाय दाबला, टपावरचा गळा उघडला, आणखी दाबला, आणि तो ओरडू लागला तसा तिनं तो ओरडू दिला.